ओकुशिरीचा मच्छिमार धक्का : एका छोट्या बेटावरील सार्वजनिक खर्चाचा प्रकरण अभ्यास

होक्काइदोच्या नैर्ऋत्येला, जपानच्या समुद्रात, ओकुशिरी नावाचे सुमारे १४३ चौरस किलोमीटरचे एक बेट आहे. एसाशी बंदरातून फेरीबोटीने तिथे पोहोचायला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. बेटाच्या दक्षिण टोकावर आओनाए हे मच्छिमारांचे गाव आणि त्याचे बंदर आहे. १२ जुलै १९९३ च्या रात्री भूकंप, त्सुनामी आणि त्यामागोमाग लागलेली आग यांत हे गाव आणि बंदर मोठ्या प्रमाणात उद्ध्वस्त झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत बेटाच्या पुनर्उभारणीवर एकूण सुमारे ७६ अब्ज येन खर्च झाले. आपत्तीच्या वेळी बेटाची लोकसंख्या ४,७०० च्या आसपास होती, म्हणजे हा खर्च दरडोई १ कोटी ६० लाख येनांच्या घरात जातो. २०२० च्या जनगणनेत बेटावर जेमतेम २,४०० माणसे उरली होती.

हे आकडे एकाखाली एक लिहिले की निकाल लागल्यासारखे वाटते. ओस पडत चाललेल्या बेटावर सरकारने पैसा ओतला आणि तो वाया गेला, असे ओकुशिरीबद्दल अनेकदा बोलले गेले आहे. माझ्या मते हा निकाल घाईचा आहे. धक्का बांधण्याचा निर्णय योग्य होता, त्यावरचा खर्चही बव्हंशी समर्थनीय होता. चुकले ते दुसरीकडे. धक्का बांधायला पैसा देणाऱ्या व्यवस्थेने तो धक्का वापरणाऱ्या माणसांचा विचार केला नाही, कारण तसा विचार करणे कोणत्याच खात्याच्या कामात मोडत नव्हते. हे नेमके कसे घडले ते समजण्यासाठी पैसा कोणत्या वाटांनी आला हे बारकाईने पाहावे लागते.

बंदर आणि त्यावर जगणारे गाव

आओनाएचे अर्थकारण दोन प्रकारच्या मासेमारीवर उभे होते. एक म्हणजे दूर पाण्यात, रात्री प्रखर दिवे लावून केली जाणारी माकुळाची मासेमारी. दुसरी किनाऱ्यालगतच्या खडकांतली, सी-अर्चिन आणि अ‍ॅबलोनी शंखांची. या दुसऱ्या कामात एकटा माणूस छोटी होडी घेऊन उथळ पाण्यात जातो, तळाला काच बसवलेली पेटी पाण्यावर धरून वाकून तळ न्याहाळतो आणि लांब काठीने खडकाला चिकटलेला माल वर काढतो. हा माल महाग असतो आणि लवकर खराब होतो. त्यामुळे होडी लागते त्याच जागी तो उतरवण्याची, निवडण्याची आणि पाठवणीची सोय नसेल, तर त्या मेहनतीला भाव मिळत नाही. बेटावर रस्त्याने दुसऱ्या बंदरात माल नेण्याचा पर्यायही मुख्य भूमीसारखा नसतो. धक्का गेला की उत्पन्न त्याच दिवशी थांबते.

या किनाऱ्याला त्सुनामी नवी नव्हती. २६ मे १९८३ रोजी अकिता प्रांतासमोरच्या समुद्रात झालेल्या भूकंपाच्या लाटांनी ओकुशिरीवर दोन बळी घेतले होते आणि त्यानंतर आओनाए परिसरात साडेचार मीटर उंचीची भिंत बांधण्यात आली होती. १९९३ चा भूकंप मात्र बेटाच्या अगदी जवळ झाला. रात्री १० वाजून १७ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा धक्का बसला, हवामान खात्याचा इशारा १० वाजून २२ मिनिटांनी निघाला, आणि तोवर पहिल्या लाटा बेटावर पोहोचल्याही होत्या. पश्चिम किनाऱ्यावरील मोनाई येथे पाणी ३० मीटरांच्या आसपास उंचीपर्यंत चढले. आओनाएच्या टोकावरची वस्ती पूर्णपणे वाहून गेली आणि मागच्या भागात रात्रभर पेटलेल्या आगीत १९० च्या आसपास इमारती जळाल्या. एकट्या ओकुशिरीवर मृत व बेपत्ता मिळून १९८ माणसे गेली. साडेचार मीटरांची भिंत त्या लाटेपुढे टिकणे शक्यच नव्हते.

पैशाच्या वाटा

एखाद्या बेटावरचा धक्का कोणी बांधायचा, या प्रश्नाचे जपानमधले उत्तर १९५० च्या मासेमारी बंदर कायद्यात आहे. या कायद्याने बंदरांचे चार वर्ग केले. स्थानिक नौकांची बंदरे पहिल्या वर्गात, त्याहून विस्तृत पट्ट्यातील नौका वापरतात ती दुसऱ्या वर्गात आणि देशभरातील नौका येतात ती तिसऱ्या वर्गात ठेवली गेली. चौथा वर्ग वेगळ्याच निकषावर केलेला आहे. दुर्गम बेटांवर किंवा तशाच आडबाजूच्या जागी, मासेमारी क्षेत्राच्या विकासासाठी किंवा वादळात नौकांना आसरा देण्यासाठी जी बंदरे विशेष गरजेची आहेत, ती या वर्गात येतात. आओनाए चौथ्या वर्गातले बंदर आहे, आणि होक्काइदोमध्ये अशा बंदरांची मुख्य बांधकामे केंद्र सरकारचे होक्काइदो विकास ब्यूरो थेट हाती घेते.

ही वर्गवारी या प्रकरणात कळीची आहे. कायद्याच्या दृष्टीने आओनाएचा धक्का केवळ आओनाएकरांसाठी नाही. तो त्या समुद्रात मासेमारी करणाऱ्या, हवा बिघडल्यावर आडोसा शोधणाऱ्या बाहेरच्या नौकांसाठीही आहे. खर्चाला बेटाच्या लोकसंख्येने भागून दरडोई आकडा काढणारे लोक हा मुद्दा सोडून देतात. महामार्गावरच्या पुलाचा खर्च पुलाखालच्या गावाच्या माणसांनी भागला, तर कोणताही पूल उधळपट्टीच ठरेल. बंदराच्या बाबतीत भाजक म्हणून वापरकर्ते धरले पाहिजेत, आणि वापरकर्त्यांमध्ये संकटात आसरा घेणारेही मोजले पाहिजेत.

दुसरी वाट आपत्तीनंतरच्या दुरुस्तीची. सार्वजनिक बांधकामांच्या आपत्ती-दुरुस्तीसाठी १९५१ चा कायदा आहे आणि मासेमारी बंदरे त्यात येतात. त्याची रचना मला विचारपूर्वक केलेली वाटते. दुरुस्तीचा खर्च स्थानिक संस्थेच्या प्रमाणित करउत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत असेल, तर त्या भागाचा दोन-तृतीयांश वाटा केंद्र उचलते. निम्म्यापासून दुपटीपर्यंतच्या भागाचा तीन-चतुर्थांश. आणि दुपटीच्या वर जो खर्च जाईल तो संपूर्ण. म्हणजे संस्था जितकी लहान आणि घाव जितका मोठा, तितका केंद्राचा हात पुढे येतो. मात्र या कायद्याचा मूळ हेतू जे होते ते पूर्ववत करण्याचा आहे. जे होते तेच अपुरे ठरले असेल, तर सुधारणेसाठी वेगळी योजना आणि वेगळी मंजुरी लागते. साडेचार मीटरांची भिंत पुन्हा साडेचार मीटरांचीच बांधणे ओकुशिरीत कोणालाही मान्य होणारे नव्हते, म्हणून दुरुस्तीच्या पैशाला किनारा संरक्षण, बंदर विकास, वस्ती सुधारणा अशा निरनिराळ्या शीर्षकांखालचा पैसा जोडावा लागला.

इथे आणखी एक गुंता होता. जपानमध्ये १९५६ च्या किनारा कायद्यानुसार किनाऱ्याचे पट्टे वेगवेगळ्या मंत्रालयांत वाटलेले होते. मासेमारी बंदराच्या हद्दीतला किनारा मत्स्य विभागाकडे, व्यापारी बंदराचा परिवहन मंत्रालयाकडे, उरलेला बांधकाम किंवा कृषी खात्याकडे. पायी चालत असताना एकच वाटणारी भिंत कागदोपत्री तीन-चार कार्यालयांची असू शकते. अशा परिस्थितीत बेटाभोवती सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या संरक्षक भिंती उभ्या राहिल्या, त्यांपैकी सर्वांत उंच भाग ११ मीटरांच्या घरात जातो, आणि हे काम पाच वर्षांच्या आत बऱ्याच अंशी पुरे झाले, ही साधी गोष्ट नाही. मार्च १९९८ मध्ये नगरपालिकेने पुनर्उभारणी पूर्ण झाल्याचे जाहीर केले.

नगरपालिकेच्या वाट्याला येणारा हिस्सा टक्केवारीत लहान असला तरी तिच्या तिजोरीच्या मानाने मोठा होता, आणि तो मुख्यतः कर्जातून उभा राहतो. लोकसंख्या घटणाऱ्या भागांसाठीच्या कायद्याखाली काढलेल्या कर्जरोख्यांच्या परतफेडीतला ७० टक्के भार केंद्र पुढे अनुदानाच्या हिशेबात धरते. ऐकायला हे जवळजवळ फुकट वाटते. उरलेले ३० टक्के मात्र वर्षानुवर्षे फेडायचे असतात. केंद्राच्या सर्वसाधारण अनुदानाच्या सूत्रात लोकसंख्या हा एक प्रमुख घटक असल्याने, माणसे कमी झाली की हप्ते तेवढेच राहतात आणि अनुदान घटते. ओकुशिरीला पुढे नेमका हाच चिमटा बसला.

देणग्यांनी भरलेली पोकळी

सरकारी पैशाला एक गोष्ट करता येत नव्हती. तो धक्का बांधू शकत होता, पण धक्क्याला लागणारी होडी घेऊन देऊ शकत नव्हता; होडी आणि घर ही खाजगी मालमत्ता. आपत्तीग्रस्तांना जीवन सावरण्यासाठी थेट आर्थिक मदत देणारा राष्ट्रीय कायदा जपानमध्ये १९९८ मध्ये, कोबेच्या भूकंपानंतर आला. १९९३ मध्ये तो नव्हता.

ही पोकळी देशभरातून आलेल्या देणग्यांनी भरून निघाली. ओकुशिरीला सुमारे १९ अब्ज येन मिळाले. लोकसंख्या लहान असल्याने दरडोई हिशेब ४० लाख येनांपर्यंत जातो, आणि इतके प्रमाण नंतरच्या मोठ्या आपत्तींमध्ये कुठल्याच गावाच्या नशिबी आले नाही. नगरपालिकेने यांतील सुमारे १३ अब्ज येनांचा पुनर्उभारणी निधी स्थापन केला आणि त्यातून ७० हून अधिक प्रकारच्या कामांना मदत दिली. घर बांधणे, जाळी व अवजारे घेणे, सामायिक कामाच्या शेड उभारणे, मुलांचे शिक्षण अशी कामे त्यात होती. नौकांसाठी मच्छिमार सहकारी संस्थेमार्फत सामायिक वापराची योजना राबवली गेली. संस्थेच्या नावावर नौका घ्यायची, सरकारी अनुदान आणि देणगीचा निधी त्यात घालायचा आणि मच्छिमाराने खर्चाचा थोडा हिस्सा भरून ती वापरायची, अशी तिची रीत होती. सहकारी संस्थेच्या आडून खाजगी गरजेपर्यंत सार्वजनिक पैसा पोहोचवण्याची ही वाट महाराष्ट्रातल्या सहकार चळवळीत वाढलेल्या वाचकाला परकी वाटणार नाही.

या निधीचे मोल मोठे होते, यात शंका नाही. समुद्रात उतरायला होडीच नसती, तर नव्या धक्क्याचा काहीच उपयोग नव्हता. पण हा निधी मुख्यतः खर्च करण्यासाठी होता, आणि तो पुढच्या वर्षांत जवळजवळ संपला. त्यातला एक भाग गोठवून त्याच्या उत्पन्नावर नव्या मच्छिमारांना उभे करण्याची कायमची सोय झाली असती, तर पुढचे चित्र कदाचित थोडे वेगळे असते. त्या क्षणी सगळे गमावलेल्या माणसांसमोर उभे राहून असे सुचवणे किती कठीण होते, हेही मान्य केले पाहिजे.

गाव वर न्यायचे की खालीच ठेवायचे

आपत्तीनंतर आओनाएच्या लोकांपुढे दोन मुख्य पर्याय ठेवले गेले. एक, सगळी वस्ती मागच्या उंच पठारावर हलवायची. दुसरा, टोकाकडचा सर्वांत धोकादायक भाग रिकामा करायचा, काही घरे वर न्यायची आणि उरलेली बंदरालगत, पण भराव घालून उंच केलेल्या जमिनीवर ठेवायची. लोकांनी आपली संघटना उभी करून चर्चा केली आणि शेवटी दुसरा पर्याय स्वीकारला गेला. मच्छिमारांचे म्हणणे साधे होते. पहाटे हवा पाहायला, रात्री वारा फिरला तर नौकेचे दोर तपासायला, माल आला की घरच्या बायामाणसांनी निवडायला धावत येण्यासाठी घर बंदराजवळ असावे लागते.

म्हणून किनाऱ्यावर भिंत बांधून तिच्या मागची जमीन भराव टाकून उंच करण्यात आली आणि त्यावर नव्याने प्लॉट पाडले गेले. हा भराव मच्छिमार वस्त्यांच्या परिसर सुधारणेसाठी असलेल्या योजनेतून झाला, तर वर गेलेल्या घरांसाठी सामूहिक स्थलांतराची योजना वापरली गेली. टोकावरच्या वाहून गेलेल्या वस्तीच्या जागी आता स्मृती-उद्यान आहे आणि २००१ पासून तिथे त्सुनामी संग्रहालय आहे.

या निर्णयाचा खर्चाशी थेट संबंध आहे, तरी तो हिशेबात क्वचितच मांडला जातो. सगळे गाव वर गेले असते तर भिंत इतकी उंच बांधण्याची, जमीन इतकी भरण्याची गरज कमी झाली असती. धक्का मात्र तेवढाच लागला असता. म्हणजे जो खर्च लोक बंदराच्या नावावर टाकतात, त्यातला मोठा भाग बंदराजवळ राहण्याचा खर्च आहे. तो योग्य होता का, याचे उत्तर मच्छिमारांची पुढची पिढी तिथे राहिली का यावर अवलंबून होते, आणि ती पुरेशी राहिली नाही.

धक्क्यावरचे छप्पर

सगळ्या कामांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बोकाइक्यो, म्हणजे धक्क्यावर उभारलेला उंच आसऱ्याचा मंच. नव्या धक्क्यावर काम करणाऱ्या माणसांचे काय, हा प्रश्न भिंतीने सुटत नव्हता. भिंत गावाचे रक्षण करते, पण धक्का भिंतीच्या समुद्राकडच्या बाजूला असतो. इशारा मिळाल्यावर तिथल्या माणसाला भिंतीच्या फाटकातून किंवा जिन्यावरून आत येऊन मग टेकडी चढायची असते, आणि १९९३ चा अनुभव असा होता की मिनिटे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मिळतात.

यावर उपाय म्हणून धक्क्याच्या वरच, भक्कम खांबांवर, दुमजली घराएवढ्या उंचीवर एक प्रशस्त काँक्रीटचा मंच उभारला गेला. धक्क्यावरून थेट जिने चढून त्यावर जाता येते आणि तिथून पुलासारख्या मार्गाने मागच्या उंच जमिनीवर पोहोचता येते. खाली खांबांच्या मधली जागा मोकळी असल्याने लाटेचे पाणी आरपार जाऊ शकते. २००० च्या सुमारास हे काम पुरे झाले.

रोजच्या दिवशी हाच मंच धक्क्याचे छप्पर असतो. होक्काइदोच्या हिवाळ्यात उघड्या धक्क्यावर बर्फात माल निवडणे काय असते ते ज्याने केले त्यालाच कळते. उन्हाळ्यात सी-अर्चिनच्या पेट्यांवर थेट ऊन पडले तर मालाचा कस उतरतो. मंचाखाली नौका लागतात, पेट्या उतरतात, जाळी दुरुस्त होतात, आणि वरच्या मोकळ्या जागेवर गावाचे कार्यक्रम होतात. एकाच बांधकामाने दररोजची सोय आणि आपत्तीतला आसरा ही दोन्ही कामे साधली. आपत्तीसाठी केलेल्या खर्चाची मोठी अडचण ही असते की तो चाळीस-पन्नास वर्षे कामाशिवाय उभा राहतो, त्याची देखभाल कोणाच्या रोजच्या गरजेशी जोडलेली नसते आणि तो हळूहळू विस्मरणात जातो. बोकाइक्योच्या जिन्यांवरून रोज माणसे जात-येत असल्याने कठडा तुटला तर त्याच आठवड्यात कोणाच्या तरी लक्षात येते. २०११ च्या महाभूकंपानंतर तोहोकू भागातून पाहणीसाठी ओकुशिरीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि मच्छिमारांनी हे बांधकाम आवर्जून पाहिले, ते याच कारणाने.

१४ किलोमीटरच्या भिंतींबाबत मी तितक्या खात्रीने बोलू शकत नाही. त्यांनी संरक्षण वाढवले हे खरे. पण काही ठिकाणी त्यांच्यामागे फारच थोडी घरे आहेत, घरातून समुद्र दिसेनासा झाला आहे, आणि समुद्र पाहून हवामानाचा अंदाज बांधणाऱ्या गावासाठी हे नुकसान केवळ देखाव्याचे नाही.

बांधकाम संपल्यानंतर

पुनर्उभारणीच्या वर्षांत बेटावर काम भरपूर होते. बांधकाम कंपन्यांना कंत्राटे होती, मजुरांच्या राहण्या-जेवण्याने खानावळी चालत होत्या, आणि मच्छिमार घरातले लोकही रोजगारावर जात होते. १९९८ नंतर हा ओघ आटला. मासेमारीने त्याची जागा घ्यावी अशी अपेक्षा होती, पण तिचे उत्पन्न वाढले नाही. नौका नव्या होत्या, धक्का नवा होता. मात्र तरुण मुले शिक्षणासाठी मुख्य भूमीवर गेली ती परतली नाहीत, आणि मच्छिमारांची संख्या लोकसंख्येहूनही वेगाने घटली. २०१६ पासून जपानभर माकुळाची पकड कोसळली, तेव्हा ओकुशिरीसारख्या बंदरांना बाहेरच्या नौकांकडून मिळणारी वर्दळही कमी झाली.

बेट या काळात स्वस्थ बसले नव्हते. एका स्थानिक बांधकाम व्यावसायिकाने कामे संपत आल्यावर द्राक्षाच्या बागा लावल्या आणि पुढे वाईननिर्मिती सुरू केली. बेटावरची उच्च माध्यमिक शाळा विद्यार्थ्यांअभावी बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा नगरपालिकेने २०१६ मध्ये ती प्रांताकडून स्वतःकडे घेतली आणि देशभरातून विद्यार्थी बोलावायला सुरुवात केली. भिंतींवरच्या खर्चाच्या मानाने या शाळेचा खर्च फारच लहान आहे. तरी तो नगरपालिकेला दरवर्षी स्वतःच्या चणचणीतून काढावा लागतो, कारण भिंतीसाठी केंद्राचे शीर्षक असते, शिकवणाऱ्या माणसाच्या पगारासाठी आणि मुलांच्या वसतिगृहासाठी तसे सहज मिळत नाही.

या प्रकरणात मला हीच गोष्ट सर्वांत जास्त खटकते. सार्वजनिक पैशाच्या जपानी व्यवस्थेत भांडवली खर्चाला उदार हात मिळाला आणि चालू खर्चाला आवळलेली मूठ. आपल्याकडेही चित्र फार वेगळे नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या, २०,०५० कोटी रुपयांच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत राज्यामार्फत होणाऱ्या बंदर-जेट्टीसारख्या सार्वजनिक कामांचा खर्च केंद्र आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांत ६० आणि ४० टक्के असा वाटला जातो. जेट्टी उभी राहते, पण तिच्याभोवती साचणारा गाळ दरवर्षी कोणी आणि कोणत्या पैशाने काढायचा, हा प्रश्न कोकणच्या मच्छिमारांना चांगलाच ओळखीचा आहे.

मोजमाप कशाने करायचे

जपानमध्ये सार्वजनिक बांधकामांचा खर्च आणि लाभ यांची पद्धतशीर तपासणी १९९० च्या दशकाच्या अखेरीस रुजू लागली, आणि धोरणांच्या मूल्यमापनाचा कायदा २००२ मध्ये अमलात आला. ओकुशिरीची बहुतेक कामे त्याआधी ठरली होती. आज तोच प्रस्ताव आला असता तर मासळीच्या उलाढालीतून मिळणारा लाभ, वाचलेला वेळ, टळलेले नुकसान आणि नौकांना मिळालेला आसरा यांची येनांत किंमत काढून तो तपासला गेला असता. अशा तपासणीत लहान बेटे बहुधा हरतात, कारण मच्छिमार कमी म्हणून लाभ कमी, आणि सगळे साहित्य समुद्रातून आणायचे म्हणून खर्च जास्त. काँक्रीटसाठीचा दगड असो वा तरंगती क्रेन, हवामान शांत असेल त्याच महिन्यांत काम करता येते, आणि उभ्या यंत्रांचे भाडे मात्र चालूच राहते.

तपासणी असू नये असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे असे की तिच्यात आणखी दोन प्रश्न घातले पाहिजेत. बांधकामाच्या पहिल्या वीस वर्षांत ते कोण वापरणार आणि त्यांची संख्या टिकवण्यासाठी काय तरतूद केली आहे, हा पहिला प्रश्न. देखभालीचा वार्षिक खर्च कोणत्या संस्थेच्या कोणत्या उत्पन्नातून येणार, हा दुसरा. १९९३ मध्ये ओकुशिरीसाठी हे दोन प्रश्न कोणी अधिकृतपणे विचारले असते, तर धक्का छोटा झाला असता असे मला वाटत नाही. भिंतीचे काही किलोमीटर कमी झाले असते आणि त्याऐवजी नव्या मच्छिमारांना प्रशिक्षण, घर व नौका देणारी एखादी दीर्घकाळ चालणारी योजना उभी राहिली असती.

देखभालीचा प्रश्न आता समोर येऊन ठेपला आहे. जपानमध्ये २,८०० च्या आसपास मासेमारी बंदरे आहेत आणि त्यांतली अनेक एकाच काळात बांधली गेल्याने एकाच काळात म्हातारी होत आहेत. खाऱ्या वाऱ्यात आणि गोठण-वितळणीच्या चक्रात काँक्रीटला भेगा पडतात, आतली सळई गंजते, फुगते आणि वरचा थर सुटतो. हे वेळीच दुरुस्त केले तर खर्च थोडा येतो, उशीर झाला तर सगळा भागच पाडावा लागतो. म्हणूनच २००८ पासून केंद्राने बंदरांची तपासणी आणि मोडण्याआधीची दुरुस्ती यांसाठी वेगळे अनुदान सुरू केले, आणि या बदलाचे महत्त्व कितीही सांगितले तरी कमीच आहे. अशा बांधकामांचे आयुष्य सामान्यतः ५० वर्षे धरले जाते. १९९३ नंतर ओकुशिरीत उभी राहिलेली कामे त्या हिशेबाने २०४० च्या दशकात एकदमच दुरुस्तीला किंवा बदलायला येतील, आणि त्या वेळी बेटाची लोकसंख्या आजच्याहून कमीच असेल.

२०२३ मध्ये मासेमारी बंदरांविषयीच्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती एप्रिल २०२४ पासून लागू झाली. बंदराच्या आवारात मासळी विक्री, उपाहारगृह, पर्यटकांसाठी मासेमारीचा अनुभव, मत्स्यसंवर्धन अशा व्यवसायांना ३० वर्षांपर्यंत जागा वापरू देण्याची तरतूद त्यात आहे. घटत्या मच्छिमारांच्या बंदरांना नवे उत्पन्न मिळावे, हा तिचा हेतू. आओनाएसारख्या ठिकाणी तिचा उपयोग होऊ शकतो. विमानतळ जवळ आहे, सी-अर्चिनचे नाव आहे, संग्रहालय आहे, आणि धक्क्यावर छप्परही आहे. मात्र जागा देण्याच्या करारात दोन अटी आधीच लिहून घ्यायला हव्यात. माल उतरवण्याच्या हंगामात आणि वेळेत धक्क्यावर पहिला हक्क मच्छिमाराचा राहील, ही एक. आणि भाड्याचे उत्पन्न नगरपालिकेच्या सर्वसाधारण खात्यात न जाता त्याच बंदराच्या देखभालीसाठी वेगळे ठेवले जाईल, ही दुसरी. २०४० च्या दशकातल्या दुरुस्तीत नगरपालिकेला जो हिस्सा भरावा लागेल, त्याची जमवाजमव आतापासून करण्याचा याहून खात्रीचा मार्ग सध्याच्या कायद्यात मला दिसत नाही.